दहा दिवसांचं पाणी

पोपडा बशीत पडला तेव्हा बळवंतचा अर्धा चहा पिऊन झाला होता. रुपयाएवढा पोपडा. वरून चुन्याचा पांढरा, आणि उलटा करून पाहिला तर खालून तांबूस – लोखंडाचा गंज चुन्यात उतरलेला. त्याने तो बोटाने बाजूला सारला, उरलेला चहा प्यायला आणि मगच वर पाहिलं. घाई कशाला करायची, वर काय आहे ते पाठच होतं: पलंगाच्या डोक्यावरून निघून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलेली भेग, तिला फुटलेले फाटे, आणि दोन्ही बाजूंना ओलीचे डाग, मे महिन्याच्या उन्हातही पुरते न सुकलेले... धोंडिराम, तो मनात म्हणाला. पुढे शिवी जोडायची गरज आता उरली नव्हती. सहा वर्षांत त्या नावाचीच शिवी झाली होती.

वर स्लॅबवर जयंती मिस्त्रीची हातोडी चालू होती. ठक्, ठक्, मग थोडा वेळ काहीच नाही, मग पुन्हा ठक्. डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून ऐकतो तसा तो मिस्त्री सकाळपासून स्लॅब ऐकत होता. हा जयंती कच्छी, मुलुंडच्याच बाजारामागे राहणारा. बळवंतच्या घराला गावाबाहेरच्या माणसाचा हात लागण्याची ही पहिलीच वेळ, आणि त्याला ते अजूनही रुचत नव्हतं. लालबागच्या चाळीत असताना गिरणीतली नोकरी गाववाल्याने लावली, खोली गाववाल्याने दिली, आजारपणात डबा गाववाल्याच्या घरून आला. मग मिठागराच्या अलीकडे ही जागा घेऊन स्वतःचं दोन खोल्यांचं घर बांधायचं ठरलं तेव्हा दुसऱ्या कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. धोंडिराम होता. एका शाळेत एका बाकावर बसलेला, एकाच वहाळात पोहायला शिकलेला धोंडिराम, मुंबईत गवंडी म्हणून नाव कमावलेला. आणि गाववाला कामावर असला की त्याच्या डोक्यावर उभं राहायचं नसतं. माल किती टाकलास, सिमेंट किती घेतलंस, असं विचारलं तर तो अपमान. बळवंतने विचारलं नव्हतं. तिथेच फसलो, असं तो सहा वर्षं स्वतःला सांगत आला होता.

स्लॅब ओतला तो दिवस मात्र... तो दिवस आठवायचा नाही असं ठरवूनही आठवायचा. अडुसष्ट सालचा मार्च. सकाळी नारळ फोडला, बायकांची घमेली खालून वर चढत राहिली, आणि धोंडिराम वर लुंगी खोचून उभा, घसा बसेपर्यंत ओरडत, कुणाची तरी आयमाय काढत, मध्येच हसत. संध्याकाळी सगळं ओतून झाल्यावर तो शिडीवरून उतरला तेव्हा पापण्यांवरसुद्धा सिमेंट होतं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः येऊन स्लॅबवर मातीचे बांध घातले, भातखाचरासारखे, आणि त्यांत पाणी भरलं. मग म्हणाला, "बळवंता, माझं काम झालं. आता पाणी तुझं. दहा दिवस हा सुकता कामा नाय. दिसभरात दहादा चढ, पण सुकवू नको." आणि बळवंत हो म्हणाला होता. म्हणाला होता, हे खरं. पण त्याच रात्रीची त्याची एसटी होती. शिमग्याला गावी पालखी उचलायचा मान त्यांच्या घराण्याचा, वडील गेल्यापासून तो एकही वर्ष चुकला नव्हता, आणि स्लॅबसाठी देवाची पालखी सोडायची म्हणजे काय? नलिनी होती ना घरी. निघताना त्याने तिला शिडी दाखवली, घागर दाखवली, नळ किती ते किती वाजता येतो ते तिलाच ठाऊक होतं. "दहा दिवस," तो म्हणाला. तिने मान हलवली. तिलाही त्या वर्षी गावी यायचं होतं, असं काहीतरी ती आधी म्हणाली होती खरी.

जूनमध्ये पलंगावर पाणी पडलं.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं आणि परमिटचं सिमेंट मागच्या दाराने कुठे जायचं ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळे विचार करायला फार वेळ लागला नाही. धोंडिरामला बोलावून घेतलं, भेगेखाली उभं केलं. तो वर बघत राहिला. पलंगावर परात ठेवलेली, तिच्यात थेंब वाजत होते. "बोल ना रे," बळवंत म्हणाला, "माझ्या घराचं सिमेंट खाल्लंस, आता बोलायला तोंड नाय?" धोंडिरामने वरची नजर काढून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि म्हणाला, "काय बोलू, बळवंता?" बस. एवढंच. ज्याने केलं नाही तो ओरडतो, शपथा घेतो, अंगावर धावून येतो. हा छत्री उघडून निघून गेला. याहून वेगळा कबुलीजबाब कोणता असतो?

हातोडी थांबली. शिडी कुरकुरली आणि जयंती मिस्त्री दारात आला, दोन्ही मुठी मिटलेल्या. बळवंत उठून पुढे झाला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर नलिनी सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

"शेठ, ये देखो," मिस्त्री म्हणाला आणि त्याने डावी मूठ उघडली. "हा खालचा माल. भेगेतून काढला. दगड आहे दगड, छिन्नी मोडायची वेळ आली." मग उजवी. "आणि हा वरचा." त्याने तो तुकडा दोन बोटांत चोळला, त्याची भुकटी झाली. "सिमेंट बरोबर पडलं आहे. ज्याने केलं त्याने माल चोरला नाय, उलटा जास्तीच टाकला असेल. पण पानी नाय मिला. कच्चा असताना उन्हात सुकला, मग तडकला. आता डांबर मारून काय उपयोग? वरचा थर सगळा काढावा लागेल." आणि मग, हात झटकत, काहीच नाही अशा सुरात, "पानी कोण मारत होतं?"

बळवंत हसला. खरंच हसला, कारण ह्या कच्छ्याला काय माहीत, म्हणून. "आमच्या घरातून दहा दिवस पाणी भरलं आहे," तो म्हणाला. "रोज चाळीस-चाळीस घागरी. हो ना गं?"

सुपातला आवाज बंद झाला.

"दोन दिवस," नलिनी म्हणाली.

मिस्त्री शहाणा माणूस. उद्या येऊन सांगतो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला. बळवंत तिथेच उभा राहिला. दोन दिवस. त्याला वाटलं, ती आणखी काहीतरी सांगेल – ताप होता, नळ आला नाही, शिडी मोडली, काहीतरी – आणि तो ते धरून ठेवायला तयारच होता, मनातल्या मनात त्याने तिच्या वतीने दोन-तीन कारणं शोधूनही ठेवली.

"आजारी होतीस?"

"नाही." तिने सूप बाजूला ठेवलं. "दोन दिवस भरलं. खांदा सोलून निघाला होता. तिसऱ्या दिवशी मालाडहून प्रेमा आली. म्हणाली, ताई, चल सिनेमाला. गेले. चौथ्या दिवशी शिडीकडे बघितलं आणि चढलेच नाही. पाचव्या दिवशीही नाही. कंटाळा आला होता मला. तुमचा, घराचा, सगळ्याचाच."

"मग?"

"सहाव्या दिवशी धोंडूभावजी आले, त्यांचं घाटकोपरला काम चालू होतं तेव्हा. वर गेले आणि खाली आले. घागर घेतली आणि अंधार पडेपर्यंत भरत होते. जाताना मी म्हटलं, यांना सांगू नका. ते म्हणाले, नाय सांगणार, वहिनी. पुढचे चार दिवस कामावरून सुटले की यायचे."

हे ती अशा आवाजात सांगत होती की जणू कुणी पत्ता विचारला आहे. रडली असती तर बरं झालं असतं, त्याला वाटलं. रडणाऱ्या बाईवर ओरडता येतं. तो पलंगावर बसला, लगेच उठला, कारण तिथे भेगेखाली बसलो आहोत हे ध्यानात आलं, आणि मग कुठे बसावं ते त्याला सुचेना. ही दोघं. चार दिवस, संध्याकाळी, तो घागर उचलणार आणि ही नळाखाली दुसरी लावणार... काय बोलली असतील? माझ्याबद्दल बोलली असतील? एक घाणेरडा विचार आला आणि गेला. तो आला याचीच त्याला इतकी शरम वाटली की कानशिलं तापली. पण खरं सांगायचं तर तो विचार परवडला असता. त्यापेक्षा वाईट हे होतं, की तसलं काहीच नव्हतं. दोन चांगल्या माणसांनी मला न सांगण्यासारखा माणूस ठरवलं होतं. सहा वर्षं मी ह्या घरात दर मे महिन्यात डांबर उकळलं, स्लॅबवर चढून त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, आणि खालून डांबराचा डबा हात उंचावून मला कोण देत होतं? हीच. विश्वासघात, विश्वासघात म्हणून मी ओरडत होतो, तो स्लॅबमध्ये नव्हताच, शिडीच्या खालच्या टोकाला उभा होता.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "सहा वर्षं तू मला वेड्यात काढलंस. तो माझा भाऊ होता, नलिनी. भावापेक्षा जास्त."

"हो," ती म्हणाली. "ठाऊक आहे मला."

तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं. निवडलेले तांदूळ एका बाजूला, खडे दुसऱ्या. आणि ते बघत असताना त्याला, जे आजवर अभिमानाने आठवायचं, ते आठवलं. एकोणसत्तरचा शिमगा. पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसलेली, सगळा गाव गोळा झालेला, मुंबईकर सगळे हजर. बळवंतने गुरवाला बाजूला घेऊन नारळ दिला होता आणि गाऱ्हाणं घालायला सांगितलं होतं. नाव घेऊ नको म्हणाला. नाव घ्यायची गरज नव्हती, मुंबईतल्या प्रत्येक गाववाल्याला त्याने वर्षभर ते सांगितलंच होतं. गुरवाने हात जोडून सूर लावला – बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकराच्या घराला ज्या कुणी दगा दिला असेल, तो गावातला असो, भावकीतला असो, घरातला असो, त्याचा तू न्याय कर रे महाराजा! घरातला असो, हे बळवंतने सांगितलं नव्हतं. गुरवाने ते चालीत, सवयीने घातलं होतं. आणि सगळा गाव एका आवाजात म्हणाला होता, व्हय महाराजा!

धोंडिराम समोरच्याच रांगेत होता. टोपी हातात, डोळे मिटलेले. त्याचा आवाज बळवंतने वेगळा ओळखला होता, सगळ्यांत मोठा होता तो – व्हय महाराजा! – आणि बळवंतला तेव्हा वाटलं होतं, काय निर्लज्ज माणूस आहे हा. त्यानंतर गाववाल्यांनी त्याला काम देणं बंद केलं. ज्याने दहा-दहा माणसं हाताखाली वागवली तो आता साकीनाक्याला कुठल्याशा कारखान्यात माल चढवतो-उतरवतो, असं कळलं होतं, आणि ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी देवाला नारळ वाढवला होता. न्याय झाला म्हणून. याच घरात वाढवला, खोबरं हिनेच चिरून सगळ्यांना वाटलं.

तो धोंडिरामकडे जाईल का? जाईल, गेलंच पाहिजे. साकीनाका काही लांब नाही. पण जाऊन काय म्हणायचं? आणि गावासमोर घातलेलं गाऱ्हाणं गावासमोरच मागे घ्यावं लागतं, पुन्हा सहाणेवर, पुन्हा नारळ देऊन, आणि मग गुरव विचारणार, कुणाचा दोष होता ते देवाला सांग बाबा. काय सांगायचं? हिचं नाव घ्यायचं? का पाणी माझ्यावर सोपवलं होतं आणि मी एसटीत बसलो, हे? त्याला वाटलं आपण रागावलं पाहिजे, अजून, पुष्कळ, निदान संध्याकाळपर्यंत तरी. राग जरा खाली बसला की त्याच्याखाली काय आहे ते दिसू लागेल, आणि ते त्याला बघायचं नव्हतं. म्हणून त्याने नलिनीकडे रोखून पाहिलं. पण राग धरायचा तर तिच्या चेहऱ्यावर थोडी तरी भीती हवी होती, आणि ती तिथे नव्हती. ओझं उतरवून बसलेल्या माणसासारखी ती बसली होती.

एकोणसत्तरच्या त्या शिमग्याला तीही गावी आली होती. प्रथमच, तिच्याच हट्टाने. सहाणेच्या उजव्या अंगाला बायका उभ्या होत्या, त्यांत ती असणार – हिरवं लुगडं होतं बहुतेक – आणि सगळ्या गावाने, बायकांनीसुद्धा, देवाला हात जोडून होकार दिला होता. त्या घोषात हिचा आवाज होता का? तो आठवू लागला. धोंडिरामचा आठवत होता, गुरवाचा आठवत होता, ढोलसुद्धा आठवत होता. हिचा नाही. हिने तोंड उघडलं असेल तर स्वतःवरच न्याय मागून घेतला, आणि नसेल उघडलं तर सगळ्या गावात एकटी ती गप्प उभी होती. दोन्हींपैकी काय ऐकणं सोपं जाईल ते त्याला ठरवता येईना.

विचारायला काय, हाकेच्या अंतरावर बसली होती. विचारलं की ती सांगेल, सरळ, जसं आहे तसं, मघाशी सांगितलं त्याच आवाजात – याबद्दल त्याला आता कसलीच शंका उरली नव्हती. मिस्त्रीने एका वाक्यात विचारलं आणि तिने एका वाक्यात सांगून टाकलं. सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

त्याने तोंड उघडलं. नलिनीने सुपातून मान वर केली आणि ती थांबून राहिली.