पंख्यावरचा राखणदार

मी एक जुना घडीचा पंखा आहे. माझा जन्म वारा घालण्यासाठी झाला, पण मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी वारा फारसा घातलाच नाही. लोकांनी मला उघडलं, पाहिलं, वाखाणलं आणि मिटून ठेवलं. कौतुकाचा हा एक तोटाच असतो.

जपानमधल्या एका लहानशा बंदराच्या गावी, देवळाच्या पायऱ्यांशी मी विकायला होतो. बांबूच्या काड्या, त्यावर जाड कागद आणि कागदावर त्या गावची बघण्यासारखी सगळी ठिकाणं. भरतीच्या पाण्यात उभी असलेली तांबडी कमान, डोंगरावरचं घंटेचं मोठं देऊळ, दगडी कोल्ह्यांच्या जोडीचं छोटं देवस्थान. आणि पार टोकाला, समुद्रातल्या खडकावर, बोटींना वाट दाखवणारी बत्ती. चित्रकार हौशी होता. त्याने बत्तीलाही देवळासारखं छप्पर काढलं. पुढे जे घडलं त्याचा दोष द्यायचाच तर त्याला द्या.

रघु नावाच्या खलाशाने मला विकत घेतलं आणि लालबागच्या चाळीत आणलं. त्याची आई लक्ष्मी आणि बायको अंबिका यांनी मला भिंतीवर टांगलं. शेजारणी आल्या की अंबिका मला उघडून दाखवी, आणि कोणी वारा घ्यायला हात पुढे केला की "फाटतलो गे तो" म्हणून मागे घेई.

ती संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची वर्षं होती. चाळीत घरटी एक माणूस मोर्चाला जाई आणि दोघे गेल्याचं सांगे. बेळगाव, कारवार कोणाचं, यावर नळावर हंडे अडत.

अशात एका सकाळी कुशाबा आला. हा रघूच्याच बोटीवरचा, आणि गावच्या देवळात गाऱ्हाणं घालण्याचा मान असलेल्या घरातला. दाराशी वहाणा काढायला त्याने फार वेळ लावला, तेव्हाच मी समजलो. रघूला मोठा ताप भरला होता. बोट थांबणार नव्हती, म्हणून त्याला माझ्याच गावच्या इस्पितळात ठेवून बाकीचे परतले होते.

"शुद्धीवर होते?" अंबिकेने विचारलं.

"मधी मधी," कुशाबा म्हणाला.

लक्ष्मी रडली नाही. तिला रडण्यापेक्षा मोठं काम सुचलं होतं. "आमच्या रवळनाथाक सांगून उपयोग नाय," ती म्हणाली. "तो आपली शीव सोडून जायत नाय. थंयच्या देवाक सांगूक व्हया."

कोकणची रीतच आहे ती. माणूस ज्या गावच्या हद्दीत, त्याची जबाबदारी त्या गावच्या देवावर. बाहेर सारी मुंबई राज्याच्या सीमेवर भांडत होती आणि आमच्या खोलीत देवाच्या सीमेचा प्रश्न निघाला. मला खाली काढून चटईवर उघडलं.

"ही कमान?" अंबिकेने विचारलं.

"दार आसा, घर खंय आसा?" लक्ष्मी म्हणाली.

"डोंगरावयलो मोठो आसा, आये," कुशाबा म्हणाला. "पण थंय गर्दी असता."

"मग नको. गर्दीत आमचो रघु त्याका कधी गावतलो? आणि ह्या कोल्ह्यांका काय सांगतलंस, कोंबडे संभाळूक?"

तिचं बोट सरकत सरकत बत्तीवर थांबलं. "ह्यो बघ. शिवेर एकटो उभो, दिवो घेवन. ह्यो राखणदार."

राखणदार म्हणजे गावची वेस सांभाळणारा देव. कुशाबाने तोंड उघडलं. दुसऱ्याची चूक दुरुस्त केल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. पण अंबिका त्याच्याकडे बघत होती. त्याने उघडलेलं तोंड मिटलं आणि "व्हय, ह्योच," म्हणाला.

मग लक्ष्मीने बत्तीला कुंकू लावलं आणि माझ्यापुढे नारळ ठेवून कुशाबाने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, आमी तुका वळखत नाय, तू आमका वळखत नाय. पण आमचो एक झील तुझ्या राखणीत पडलो हा. त्याका बरो कर. तो तुझ्या पायाकडे नारळ फोडतलो."

"व्हय महाराजा," दोघी म्हणाल्या. गॅलरीतून मोर्चाला निघालेली माणसं झेंडे घेऊन दाराशी थबकली आणि पुढच्या वाक्याला तीही म्हणाली, "व्हय महाराजा." घोषणा देऊन त्यांचे गळे तयारच होते.

नारळी पौर्णिमा उलटल्यावर रघु आला. निम्मा झाला होता, पण आपल्या पायांनी जिना चढला. लक्ष्मीने पहिलं विचारलं, "राखणदाराक नारळ दिलंस?"

"कोण राखणदार?" तिने मला दाखवलं. रघु खोकला येईपर्यंत हसला. "आये, ही बत्ती गे, बोटींची. ह्या कुशाबाक ठावक नाय?"

कुशाबा छताकडे बघू लागला.

"बत्ती तर बत्ती," लक्ष्मी म्हणाली. "सांगितला तिका, आयकला तिणा. आता नारळ दुसऱ्याक देवन तिका फसवू?"

पुढच्या सफरीला रघूने नारळ नेला. मी तिथे नव्हतो. त्याने सांगितलं ते सांगतो. त्याने बत्तीच्या पायरीवर नारळ फोडला तेव्हा म्हातारा बत्तीवाला रागाने धावत खाली आला. रघूने वरच्या दिव्याकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे, मग समुद्राकडे. म्हाताऱ्याने खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि वर गेला. थोड्या वेळाने, भर दुपारी, दिवा लागला.

हे ऐकताना लक्ष्मी तांदूळ निवडत होती. "उजवो कौल दिल्यान, व्हय म्हटल्यान," एवढंच म्हणाली आणि खडा काढून टाकला.

मित्रांनो, आता माझ्या घड्या विरल्या आहेत. बत्तीवर कुंकवाचा एक डाग आहे, तो ओल्या फडक्याने पुसायला परवाच कोणीतरी निघालं होतं. जुन्या वस्तूवर डाग दिसला, तर पुसण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एवढं विचारा, की हा कोणी लावला, आणि कोणासाठी.