एका दिवसाची दुश्मन

मिरजगावच्या ज्ञानेश्वरीकडे बचत गटाचा फवारणीचा ड्रोन होता. कांद्यावर औषध मारताना ती बांधावरच्या बोरीची फांदीसुद्धा सफाईनं चुकवायची. तरी नगरजवळच्या लष्करी तळावरून फोन आला, तेव्हा ती गांगरलीच.

"ताई, एक दिवस आमचं दुश्मन व्हायचंय," सुभेदार रामहरी म्हणाले. "ड्रोन पाडायची महागडी यंत्रं प्रत्येक तळावर बसवणं परवडत नाही. आम्ही स्वस्तातले उपाय केलेत. ते टिकतात का, हे आमच्या युक्त्या ठाऊक नसलेल्या माणसानंच बघायला पाहिजे."

सासूबाई, गोजरबाई, आधीच पातळ बदलून तयार. "सून दुश्मन होनार, आन् मी घरी बसू व्हय?"

तळावर तिला एक छोटा ड्रोन दिला. त्याला बॉम्बऐवजी गुलालाची पुडी लटकवलेली. बटण दाबलं की पुडी सुटणार. खऱ्या रणगाड्यावर गुलाल पडला, तर ती जिंकली.

माळावर चार रणगाडे उघडेच उभे होते. ज्ञानेश्वरीनं नेम धरला. धप्प! सगळा रणगाडा गुलाबी.

"पाडला गं माझ्या वाघिनीनं!" गोजरबाईंनी फुगडीच धरली, तीही एका जवानासोबत.

रामहरी शांतपणे चालत गेले आणि त्यांनी तो रणगाडा एका हातानं कलता केला. बांबू, ताडपत्री आणि तोफेच्या जागी पाण्याचा पाइप. जवान पोट धरून हसले.

दुसऱ्या वेळी नवी पुडी लावून ती माळाच्या कडेच्या शेडकडे वळली. शेडभोवती जाळी होती, डाळिंबाच्या बागेला पाखरांसाठी लावतात तशीच. ड्रोन त्यात गुरफटून उलटा लोंबकळला.

"वटवाघूळ झालं की तुझं!" गोजरबाईंना हसू आवरेना.

तिसऱ्या वेळी ज्ञानेश्वरीनं घाई केली नाही. ड्रोन उंच नेला आणि पडद्यावर माळ न्याहाळला. मातीत रणगाड्याच्या पट्ट्यांचे ठसे होते. ते चारही रणगाड्यांपाशी नव्हते. सगळे शेडमध्ये जात होते.

"आत्या, खरा तिथंच हाय!"

"मग घाल की आत!"

तेवढ्यात चहाची किटली घेऊन एक जवान शेडकडे निघाला. तिनं ड्रोन गुडघ्याएवढा खाली आणला आणि त्याच्या मागोमाग नेला. आतल्या मेजरसाहेबांनी किटलीसाठी जाळी वर उचलली, आणि ड्रोन सुळकन आत!

"जाळी सोडा!" रामहरी ओरडले. जाळी खाली आली. तिच्यात ड्रोन अडकला, मेजरसाहेब अडकले, किटलीही अडकली. ज्ञानेश्वरीनं बटण दाबलं.

रणगाडा गुलाबी, मेजरसाहेब गुलाबी, चहाही गुलाबी.

मग मेजरसाहेबच मिशीतला गुलाल झटकत खो खो हसले. "ताई, शेड कसं ओळखलंत?"

ठशांचं ऐकल्यावर त्यांनी लगेच हुकूम दिला: रणगाडा हलला की माती झाडायची, दाराला जाळीचा दुहेरी पडदा लावायचा, चहा बाहेरच प्यायचा. "आणि पुढच्या महिन्यात दुश्मन म्हणून याच!"

"तवर मला एकदा उडवू द्या की," गोजरबाई म्हणाल्या.

ड्रोन एकदम झेपावला, गरगरला आणि थेट जवानांच्या अंगावर आला. पंचवीस जण हसत-ओरडत जाळीखाली घुसले.

"आत्या, हळू!"

"अगं, ह्याला हळू करायचं बटन कुटलं?"

ड्रोन टेकडीपलीकडे गेला. त्याच्यामागे मेजरसाहेब धावत सुटले, गुलाबीचे गुलाबीच.