साठनंतरची तीस मिनिटं

पंच कुबित्झानं सामना संपल्याची लांब शिट्टी फुंकली आणि चेंडू काखोटीला मारला. निळ्या शर्टातल्या बायका एकमेकींना मिठ्या मारायला धावल्या, तेवढ्यात रेषेबाहेरून त्यांची प्रशिक्षक मार्लीस डोम्बेक ओरडली, "कुणी बाहेर जायचं नाही! पाणी प्या आणि जागेवर उभ्या राहा."

"अगं, जिंकलो आपण!" गोलकीपर इल्झे म्हणाली. "एक–शून्य! जिल्ह्याचा कप आपला!"

"साठ मिनिटं जिंकलोय. मॅच नव्वदची असते."

१९७१ सालच्या मे महिन्यातला रविवार होता, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. खाणीमागचं काळ्या राखेचं मैदान अकरापर्यंत मोकळं होतं. त्यानंतर पुरुषांचा सामना. बायकांच्या फुटबॉलवरची बंदी महासंघानं आदल्याच वर्षी उठवली होती, पण मागे अटींची शेपटी जोडून. अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन डाव, मुलांचा हलका चेंडू, बुटांना खिळे नकोत. बाईच्या शरीराला नव्वद मिनिटं झेपत नाहीत, असं डॉक्टरांचं मत असल्याचं प्रत्येक बैठकीत सांगितलं जाई. मार्लीस दर बैठकीत हात वर करी आणि विचारी, की कापडाच्या गिरणीत नऊ तास मशीन चालवणाऱ्या बाईबद्दल या डॉक्टरांचं मत काय आहे. उत्तर आलं नव्हतं. म्हणून आज तिनं पिशवीतून पूर्ण मापाचा, पुरुषांचा चेंडू आणला होता.

कुबित्झा निवृत्त ट्रामचालक होता, वेळेच्या बाहेर कधी न गेलेला माणूस. "डोम्बेकबाई, माझं काम साठला संपतं. शिट्टी संघटनेची आहे. ती काही मी देणार नाही."

"मग खिशात ठेवा. फाऊल आम्ही आपापसात बघू."

पलीकडच्या संघाचा प्रशिक्षक ल्युट्के खाटीक होता. त्यानं पोटावरचा पट्टा वर ओढला. "मी तर हरलोच आहे. माझं काय जातंय? चला गं पोरींनो, उठा!"

"तुम्ही बसून बोला हो!" त्याच्या संघातली बचावपटू बेर्बेल म्हणाली. पण उठली.

मार्लीस छत्तीस वर्षांची होती. बंदी आली तेव्हा वीस वर्षांची होती, आणि पुढची तेरा वर्षं ती लेफ्ट विंगवर खेळली. गायरानात, वीटभट्टीमागे, कुठे मैदान मिळालं तर तिथे, तीनतीनशे माणसांसमोर. तिच्या नावाचं खेळाडूचं ओळखपत्र नव्हतं, गोलांची नोंद नव्हती. एकदा ऐन सामन्यात पोलिसांची गाडी आली. बाकीच्या कुंपणावरून उड्या टाकून पळाल्या. मार्लीसच्या पायात चेंडू होता. हवालदार रेषेवरून तिच्या बरोबरीनं पळत "थांबा, थांबा" म्हणत होता. तिनं कोपऱ्यापर्यंत जाऊन चेंडू गोलसमोर टाकला आणि मगच थांबली. हवालदार धापा टाकत म्हणाला होता, "चेंडू झकास टाकलात, बाई. आता नाव सांगा." फुटबॉलपटू म्हणून तिचं नाव लिहिलेला एकुलता एक कागद पोलीस ठाण्यात होता. मग गुडघा गेला, आणि ती रेषेच्या बाहेर उभी राहायला लागली.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. फक्त जड चेंडूची सवय नव्हती. पास अर्ध्यावर मरत होते. मग बायकांचे पाय बोलायला लागले. बेर्बेलनं लांबून मारलेला चेंडू इल्झेच्या हाताखालून आत गेला. एक–एक. पाचच मिनिटांनी ल्युट्केच्या संघानं दुसरा केला.

"मार्लीस, हे काय करून घेतलंस?" कप्तान क्रिस्टा रेषेजवळ येऊन पोटरी दाबत म्हणाली. "घरात आलेला कप बाहेर काढतेयस."

"पळता येतंय ना?"

"नाही!"

"मग चाल. पण आत चाल."

साडेदहाला क्लबचे अध्यक्ष श्टेंगर आले, ते रविवारचा कोट घालून, कप ठेवायचं काचेचं कपाट पुसून घ्यायला सांगूनच. खेळ चालू बघून त्यांना आधी काही उमजेना. कुबित्झानं सांगितल्यावर उमजलं.

"डोम्बेकबाई, बंद करा हा तमाशा! संघटनेला कळलं तर अख्खा महिला विभाग बंद करतील."

"दहा मिनिटं राहिलीत, श्टेंगरसाहेब."

"उद्यापासून तुम्ही प्रशिक्षक नाही. ऐकू आलं?"

"आलं. उद्यापासून. आज दहा मिनिटं आहेत."

त्याच वेळी लेफ्ट विंगची उटे पोटरी धरून खाली बसली. राखीव खेळाडू नव्हती. मार्लीसनं घड्याळ काढून श्टेंगरांच्या हातात दिलं, कारण जवळ तेच होते, आणि स्कर्ट गुडघ्यावर बांधून आत गेली.

"ए, आजी आली!" बेर्बेल ओरडली.

"आजीला धरून दाखव."

दोनदा बेर्बेलनं तिला धरलं, सरळ राखेत लोळवलं. मधेच ल्युट्केच्या संघाचा तिसरा गोल झाला. मग शेवटी एकदा चेंडू रेषेजवळ मोकळा मिळाला. मार्लीसनं खांदा आत झुकवला, बेर्बेल फसली, आणि पुढची तीस पावलं तिच्यापुढे कुणी नव्हतं. गुडघा प्रत्येक पावलाला थांब म्हणून सांगत होता. तिनं कोपऱ्यातून डाव्या पायानं चेंडू टाकला, कमरेइतका उंच, बरोबर गोलसमोर, जिथे कुणीतरी असायला हवं होतं. तिथे कुणी नव्हतं. तिच्या सगळ्या बायका अजून मैदानाच्या मध्यावर पाय ओढत येत होत्या. चेंडू सगळ्या गोलसमोरून जाऊन पलीकडे बाहेर गेला. मार्लीस वळली आणि आपल्या जागेवर परत धावत गेली.

"झालं," श्टेंगर घड्याळाकडे बघत म्हणाले. "नव्वद."

कुणी पळालं नाही, कुणी मिठ्या मारल्या नाहीत. बावीस बायका जिथे होत्या तिथे आडव्या झाल्या. सगळ्या तेवीसजणी जिवंत होत्या, उटेही.

श्टेंगरांनी सामन्याचा कागद पुढे केला. त्यावर कुबित्झाच्या अक्षरात एक–शून्य होतं. "इथे सही करा आणि विषय संपवा. कप आपलाच आहे. मीही काही पाहिलं नाही."

मार्लीसनं पेन घेतलं. निकालाखाली लिहिलं: नव्वद मिनिटांनंतर, एक–तीन. त्याखाली सही केली आणि कागद ल्युट्केकडे सरकवला.

"अहो, हे बघून ते आपल्याला दोघांनाही बाद करतील," ल्युट्के म्हणाला.

"करू देत. पण आधी त्यांना हे वाचावं लागेल."

ल्युट्केनं पोटावरचा पट्टा पुन्हा वर ओढला. मग सही केली. कुबित्झा म्हणाला, की खालची ओळ अधिकृत धरली जाणार नाही. पण ती खोडली मात्र नाही. कागद घडी घालून आतल्या खिशात ठेवला.

मैदानाच्या कडेला पुरुषांचा संघ अकराची वाट बघत उभा होता. आज त्यांच्यातल्या कुणीही काही टोमणा मारला नाही.

नळावर दोन्ही संघांच्या बायका रांगेत बसून गुडघ्यांतली राख ब्रशनं घासत होत्या, शिव्या देत, हसत. मार्लीस शेवटी आली. तिचा गुडघा आणि कोपर सोललं होतं, आत काळे कण रुतले होते. बेर्बेलनं सरकून जागा दिली, ब्रश तिच्या हातात ठेवला.

"जोरात घासा हं. नाहीतर कातडी वरून मिटते आणि काळं आतच राहतं, कायमचं."

मार्लीसनं पाण्याखाली पाय धरला, रक्त धुऊन घेतलं आणि ब्रश पुढच्या बाईला दिला.

"राहू दे," ती म्हणाली.