मंगळवारी अकरा वाजेपर्यंत होता तो रकाना

पंख्याखाली बसूनही दीपमालाला घाम फुटला. समोर स्क्रीनवर संस्थेसाठी गावोगाव फिरून तिनं भरलेली ऊसतोड बायांची यादी. नाव, वय, गाव, टोळी. त्यापुढं ‘गर्भपिशवी काढली का, कुठल्या दवाखान्यात’ हा रकाना होता. आज तो नाही. रिकामा नाही, अख्खा उपटून नेलाय. जणू त्या बायांना असलं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आणि दुपारी ह्याच रकान्यासाठी बीडहून चौकशीवाल्या मॅडम येणार होत्या.

“साहेब, रकाना गायब हाय.”

संस्थेचा व्यवस्थापक अमरसिंह मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, “असला रकाना कधी नव्हताच. सपान पडलं का काय तुला?”

त्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा नाव होतं ते त्याच्या मेव्हण्याच्या दवाखान्याचं. अंबाजोगाईच्या त्या ऑफिसात हे भिंतींनाही ठाऊक होतं.

दीपमाला जागेवर आली. डेटाबेस सात दिवसांचं जुनं रूप सांभाळून ठेवतो. वेळ सांगायची अन् विचारायचं, तेव्हा तू कसा होतास? ती एकेक दिवस मागं गेली. रविवार, नाही. शुक्रवार, नाही. मंगळवार सकाळी अकरा वाजून सहा मिनिटं. रकाना जागेवर! तेराशे बायांच्या पिशव्या, दवाखान्याच्या नावासकट. उद्या अकरानंतर हेही पुसलं जाणार होतं.

मग तिनं विचारलं, काढला कुणी?

अकरा सात. दीपमाला. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून.

तिनं स्वतःचंच नाव दोनदा वाचलं. साहेबाला स्वतःचा पासवर्ड ध्यानात राहत नाही म्हणून सगळं ऑफिस तिच्याच पासवर्डवर चालायचं. चिठ्ठी स्क्रीनला चिकटवलेली. आपल्यावर लई भरवसा हाय, असं वाटून ही येडी खूश व्हायची! आता बेड्या हिलाच. बुद्धवाड्यातली पोरगी चोर निघाली म्हणायला गाव टपलेलंच असतं.

पण मंगळवारी अकराला आपण कुठं होतो?

नांदूरघाटला, इथून तासाभरावर. केशरबाईच्या दारात.

तिनं अकरा सहाची यादी पुन्हा उघडली. शेवटची नोंद केशरबाईची. वय सव्वीस. पिशवी काढली, होय. नांदूरघाट, अकरा पाच. सोबत फोटो. “एकटीचा नगं बाई, पोलिसातल्यावानी दिसतोय. तू बी ये,” म्हणून तिनं दीपमालालाही शेजारी ओढलं होतं. दोघी हसत होत्या. केशरबाईचं उत्तर त्यानंतर दोन मिनिटं जगलं.

दीपमालानं यादी फोटोसकट छापायला लावली. प्रिंटर मेला भुंकायलाच लागला.

“काय छापतीस गं?” खुर्ची सरकली. अमरसिंहाचे बूट वाजले. खाली बीडच्या मॅडमची जीप थांबल्याचा आवाज आला.

गरम कागद तिनं छातीशी धरले अन् जिन्याकडं तोंड करून उभी राहिली.

“मंगळवार छापतेय, साहेब.”

आवाज फाटला. पण कागद तिनं सोडले नाहीत.