मानेवरची गोल कड

उस्तादाने खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. खाली दुधाच्या रांगेत गणिताचे मास्तर उभे होते, आणि त्यांचं डोकं पाहून उस्तादाच्या तोंडाची चवच गेली.

"बघ, बघून घे," त्याने बायकोला सांगितलं. "डाव्या कानावर एक पायरी, उजव्यावर दोन. आणि हा माणूस पोरांना भूमिती शिकवतो."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने मान वर केली नाही.

उस्तादाचं सलून खाली आणि बिऱ्हाड वर. अडीच महिने सलूनला टाळं होतं, आणि तेवढ्यात गल्लीतल्या घराघरात एकेक कारागीर जन्माला आला होता. औषधवाल्याचे केस त्याच्या मुलीने कापले, टपालवाल्याचे मेव्हण्याने, मास्तरांचे त्यांच्या बायकोने. वर फोटो पाठवायची हौस! काय तर म्हणे, लॉकडाऊनमुळे घरच्या माणसांची किंमत कळली. उस्ताद फोटो मोठा करून मानेकडचा भाग बघायचा आणि फोन पलंगावर फेकून द्यायचा. कात्री काय, कुणीही चालवतो. अक्कल लागते ती थांबायला. हे या शहाण्यांना कोण सांगणार, असं तो दिवसातून दहादा बायकोलाच सांगायचा.

शेवटी सोमवारपासून दुकानं उघडायची परवानगी आली, आणि उस्तादाची पंचाईत झाली. त्याचं स्वतःचं डोकं! केस कानांवरून उतरून कॉलरमध्ये शिरले होते. हे झिपरं डोकं घेऊन खुर्चीमागे उभा राहिला असता, तर मास्तरांसारखा माणूससुद्धा तोंडावर हसला असता. अठरा वर्षं त्याचे केस दुसऱ्या खुर्चीवरचा कारागीर कापायचा. तो सासुरवाडीला अडकला होता आणि गाड्या अजून बंद होत्या.

रविवारी सकाळी उस्तादाने दोन आरसे समोरासमोर लावले, हात वाकडा केला आणि उजव्या कानामागे चांगला बोटभर खड्डा पाडला.

"बसा," बायको दारातून म्हणाली. "मी कापते."

बोथट वस्तऱ्याकडे बघावं तसं त्याने तिच्याकडे बघितलं. तीस वर्षांच्या संसारात ती खाली दुकानात यायची ती फक्त डबा द्यायला. पण खड्डा पडला होता आणि उद्या सोमवार होता. बसण्याआधी त्याने अट घातली, की कुणी विचारलं तर दुसऱ्या खुर्चीवाला येऊन कापून गेला, असंच सांगायचं. बायकोने बरं म्हटलं आणि त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली.

त्याने सूचनांचा सपाटा लावला. फणी आडवी धर, घाई करू नकोस, खड्ड्याला हात लावू नकोस. ती ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. कात्री मात्र कुठे अडखळत नव्हती, आणि कान दुमडताना तिचं बोट जिथे टेकायला हवं तिथेच टेकत होतं. हळूहळू त्याच्या सूचना संपल्या.

काम झाल्यावर त्याने खोट काढायला म्हणून आरसा मानेमागे धरला. खड्डा शोधावा लागत होता. मानेवरच्या केसांची कड सरळ नव्हती. मध्ये किंचित उतरून दोन्ही बाजूंना गोल होत गेली होती. सलूनमध्ये अशी कड कुणी काढत नसे. त्याने ती एकाच मानेवर पाहिली होती.

त्याची आई शेवटची तीन वर्षं अंथरुणावर होती. आपल्याला सवड नाही म्हणून दर महिन्याला तो दुसऱ्या खुर्चीवाल्याला तिचे केस बारीक करायला वर पाठवायचा. आईच्या मानेवरची ती गोल कड पाहून तो इतका खूश व्हायचा, की एकदा भर दुकानात त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं होतं, हात बघा याचा, याला म्हणतात हात. दुसऱ्या खुर्चीवाला खाली मान घालून वस्तरा पुसत राहिला होता.

"आईचे केस तू कापायचीस?"

"परक्या पुरुषाने डोक्याला हात लावलेला त्यांना नको वाटायचं," ती चादर झटकत म्हणाली. "तो बिचारा चहा पिऊन खाली जायचा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"आईच म्हणाल्या, सांगू नकोस. कळलं तर नाक मुरडेल आणि सगळे पुन्हा कापत बसेल."

उस्तादाने अगदी तेच केलं असतं. त्याला स्वतःची लाज वाटली. बायको जमिनीवरचे केस झाडून घेत होती, आणि तो आरसा हातात धरून तसाच बसला होता.

सोमवारी पहिलं गिऱ्हाईक म्हणून मास्तरच आले. त्यांच्यासाठी उस्तादाने एक झणझणीत वाक्य कधीचं घोळवून ठेवलं होतं. त्याने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि त्यांची मान खाली वाकवली. दोन्हीकडच्या पायऱ्या होत्या तशाच होत्या. पण मानेवर एक तीळ होता, आणि त्याच्याभोवती कुणीतरी जपून, थांबत थांबत कापलं होतं. वाक्य उस्तादाच्या तोंडातच राहिलं.

"सगळं मोडून टाका हो," मास्तर मास्कमागून ओशाळून म्हणाले. मग त्यांचं आरशात लक्ष गेलं. "तुमचे मात्र झकास. कारागीर आला वाटतं तुमचा?"

उस्तादाने कात्री उचलली. दुसरी खुर्ची रिकामी होती.

"नाही," तो म्हणाला. "बायकोने कापले."

मास्तरांना वाटलं, आपलीच थट्टा चालली आहे. ते हसले. उस्ताद हसला नाही.

"मागचं राहू दे," तो म्हणाला. "बाजू तेवढ्या सारख्या करतो."