चारशेच्या रेघेपर्यंत

मी एक जुना मापाचा मग आहे आणि मित्रांनो, खरे सांगायचे तर आता दमलो आहे. अंगावरच्या निम्म्या रेघा पुसल्या गेल्या आहेत. कान एकदा मोडला होता, तो चिकटवून घेतला आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्यासोबतचे मग दूध नाहीतर पीठ मोजायला गेले. मी गेलो एका रंगाऱ्याच्या मोरीत, लघवी मोजायला. नाके मुरडू नका, कुणीतरी मोजायला हवीच होती.

रंगारी दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला आणि त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. पाय गेले, ते सगळ्यांना दिसले. लघवी लागल्याचे कळणे गेले आणि ती आपली आपण होणेही गेले, हे कुणाला दिसले नाही. इस्पितळातल्या सिस्टरने त्याला शिकवले, की हात साबणाने धुवायचे, बारीक नळी आत सरकवायची आणि दर चार तासांनी मूत्राशय रिकामे करायचे.

"पाणी भरपूर प्यायचं. एका वेळी चारशे मिलीच्या आसपास यायला हवं," त्या म्हणाल्या. "तुंबवून ठेवलंत तर किडनी जाईल."

पहिले वर्ष बरे गेले. तो मोरीतून ओरडे, "तीनशे ऐंशी!" बाहेरून त्याची बायको वहीत टिपून म्हणे, "लिहिलं हो!" दिवसातून पाच वेळा हाच कार्यक्रम. ती मला घासताना म्हणायची, "हा आहे म्हणून आत काय चाललंय ते कळतं तरी." अशी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

मग रंगाऱ्याला नंबरप्लेट रंगवायच्या दुकानात काम मिळाले. घरात पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण दुकानाच्या मोरीचे दार अरुंद होते आणि त्याची चाकाची खुर्ची चौकटीलाच अडली. मालकाला सांगायची त्याला लाज वाटली. त्याने सोपा मार्ग काढला. सकाळपासून पाणी पिणेच बंद केले आणि दुकानातल्या दोन्ही वेळची नळीही टाळली.

संध्याकाळी घरी आला, की माझ्यात यायचे ते जेमतेम अडीचशे, कोऱ्या चहासारखे गडद. तो माझ्याकडे बघायचा आणि नळ सोडायचा. चारशेच्या रेघेपर्यंत पाणी भरले, की रंगही फिका व्हायचा. "चारशे!" तो ओरडायचा. "लिहिलं हो!" दुकानातले दोन आकडे तो मनानेच सांगायचा. मी माप अगदी बरोबर दाखवत होतो आणि तरी खोटे बोलत होतो. मला तोंड आहे, पण ते ओतण्यापुरतेच.

सात महिन्यांनी तो हुडहुडी भरून पडला. ताप उतरेना. इस्पितळात नेले, तेव्हा बायकोने वहीही नेली आणि पिशवीत मलाही कोंबले. सिस्टरने पाने उलटली आणि त्या थांबल्या.

"चारशे, चारशे, चारशे. रोज? अहो, मूत्राशय आहे की शाळेतली कवायत? खऱ्या माणसाचा आकडा कधी तीनशे दहा येतो, कधी चारशे साठ."

रंगाऱ्याने मान खाली घातली. "वरचं नळाचं होतं," तो म्हणाला.

बायकोने सिस्टरच्या हातातली वही घेऊन मिटली. मग म्हणाली, "मी आपली रोज लिहीत बसले. मला सांगायचं तरी!"

"काय सांगू? आधीच सगळं तूच करतेस. त्यात हे काम गेलं असतं तर?"

त्याची एक किडनी जवळजवळ निकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, ती आता सुधारणार नाही, दुसरी जपा. मला फार वाईट वाटले. आकडे माझ्याच अंगावरून वाचले होते ना.

मालक भेटायला आला तेव्हा बायकोने त्याला सरळ सांगितले. तो डोक्याला हात लावून म्हणाला, "वहिनी, मला वाटलं त्यांना लागतच नसेल!" त्याच आठवड्यात त्याने चौकट फोडून दार रुंद केले. इतकेच काम होते, दोन दिवसांचे.

परवा मोरीतून आवाज आला, "एकशे सत्तर." बायकोने लिहिले आणि पाण्याचा तांब्या दाराशी ठेवला.

मित्रांनो, माझ्याच्याने आता फार वर्षे होणार नाही. एक काम तुमच्यावर सोपवतो. उद्या शाळेत गेलात, की पट्टी घ्या आणि शौचालयाचे दार मोजा. चाकाची खुर्ची आत जात नसेल, तर मोठ्यांना सांगा. खुर्चीवर बसलेला माणूस स्वतः सांगणार नाही. तो पाणी प्यायचे सोडून देईल.