सात अंशांचा झुकाव

नववे

"काकू, हेही नाही चाललं."

स्फटिकांवर संशोधन करणाऱ्या चष्मेवालीने नववं काचपात्र बाकावर ठेवलं. तळाशी पिठासारखा गढूळ गाळ होता. काकूंनी ज्योतीसमोर वापरायचा गुलाबी चष्मा कपाळावर सरकवला आणि पात्र खिडकीच्या उजेडात धरलं.

"काच नितळ आहे, मान सरळ आहे. माझ्याकडून काही नाही."

"मी कुठे म्हणतेय तुमच्याकडून?"

"तोंडावर लिहिलंय तुझ्या."

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला असलेल्या या पत्र्याच्या खोलीत काकू एकतीस वर्षं काच फुंकत होत्या. किडेवाले संशोधक यायचे, त्यांना नळी अजून अर्धा मिलिमीटर बारीक हवी असायची. मातीवाल्यांची गाळणी सात वेळा बदलली. भाषावालेसुद्धा बोलताना सुटणारा श्वास मोजायला काहीतरी बनवून घ्यायचे, आणि आठव्या खेपेला "पहिलंच बरं होतं" म्हणायचे. पहिल्या झटक्यात कोणाचंच जमत नसे. संशोधन म्हणजे नक्की काय, असं नवऱ्याने एकदा विचारलं, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "तेच ते. फक्त दर वेळी जरा कमी चुकायचं."

चष्मेवालीचं मात्र उलट चाललं होतं. चौथ्या पात्रात तिला स्फटिक मिळाले होते, सुईसारखे लांब आणि स्वच्छ. एकदा नाही, तीनदा. लेख छापून आला. मग चौथं पात्र धुताना हातातून निसटलं. पाचव्यापासून नुसता गाळ. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनेही पत्र पाठवलं होतं : आमच्याकडे गाळच येतो.

"सोमवारी समिती बसतेय," ती म्हणाली. "स्फटिक दाखवा, नाहीतर लेख मागे घ्या. लेख गेला की शिष्यवृत्ती गेली. आणि नाव गेलं ते वेगळंच."

"आकडे रचलेस का तू?"

"काकू!"

"विचारलं. आता मला कोणी विचारलं तर छातीठोक सांगता येईल."

चौथे

प्रत्येक पात्राची मापं काकूंच्या वहीत असत. उंची, जाडी, बाजूच्या नळीचा कोन. चौथ्याची मापं आराखड्याशी तंतोतंत जुळत होती. फक्त ओळीच्या शेवटी एक ठिपका होता.

त्या ठिपक्याचा अर्थ जगात एकाच माणसाला माहीत होता. हे काम वाकडं झालं आणि तरी मी ते दिलं, असा तो अर्थ.

चौथं पात्र केलं त्या शनिवारी ऑक्सिजनचा सिलेंडर संपत आला होता. ज्योत मऊ पडली आणि थेंब टाकायची बाजूची नळी जोडता जोडता किंचित झुकली. दुसरा सिलेंडर सोमवारी येणार होता आणि ही पोरगी दारात उभी होती. काकूंनी ठिपका दिला, पात्र दिलं, आणि वहीत आराखड्याचाच कोन उतरवला. पाचव्यापासून नळी पुन्हा सरळ झाली. अगदी मन लावून सरळ.

फुटक्या काचांच्या डब्यात चष्मेवालीने तेव्हा आणून टाकलेला त्या नळीचा तुकडा अजून होता. काकूंनी तो कोनमापकावर ठेवला.

सात अंश.

घरी

"एकतीस वर्षांत किती ठिपके?" नवऱ्याने विचारलं. तो शिंपी होता, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय होती.

"तीन."

"आमच्याकडे दिवसाला तीन होतात. गिऱ्हाईकच म्हणतं, वा, काय फॅशन आहे!"

"चेष्टा नको. समितीसमोर जाऊन सांगायचं, मी वाकडं काम दिलं आणि वहीत सरळ लिहिलं?"

त्याने टाचण्या काढून उशीत खोचल्या. "न सांगून काय होईल?"

"तिचं वाटोळं."

"मग विचारतेस काय मला? तू ठरवूनच आलीयेस. भाजी गरम कर."

दहावे, अकरावे, बारावे

चूक करणं सोपं असतं. तीच चूक पुन्हा करणं म्हणजे हातांची परीक्षा.

दहाव्याची नळी काकूंनी कोनमापक लावून वाकवली. बरोबर सात अंश. दुसऱ्या दिवशी गाळ. अकराव्याचंही तेच.

"थेंब कुठे पडतो ते बघितलंस?" काकूंनी विचारलं.

दोघी गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत राहिल्या. सरळ नळीतून थेंब मधोमध पडायचा आणि ढवळणाऱ्या कांडीच्या भोवऱ्यात जायचा. वाकवलेल्या नळीत तो वळणाच्या कोपऱ्यावर अडायचा, फुगायचा आणि मग धपकन तिथेच पडायचा.

"चौथ्यात तो भिंतीवरून ओघळत असणार," चष्मेवाली हळूच म्हणाली. "सावकाश. पसरत, तापत."

काकूंनी डब्यातला तुकडा पुन्हा उचलून बोट फिरवलं. कोपरा कुठेच नव्हता. हाताने वाकवलं की कोपरा पडतो. आपलं आपण झुकलं की उतार पडतो.

बाराव्याला त्यांनी ज्योत मऊ केली आणि हात बाजूला घेतले. नळी भलतीच लोळली. अकरा अंश.

"अशी काय झोप काढतेस गं," काकू काचेला म्हणाल्या.

तेरावे

शुक्रवारी ज्योत त्या शनिवारी होती तितकी मऊ केली. मनात मोजलं, नऊपर्यंत. दहाव्याला ज्योत काढली. पात्र भट्टीत सावकाश निवायला ठेवलं आणि घरी जाऊन शांत झोपल्या. कोन मोजायची त्यांना गरज वाटली नव्हती.

रविवारी दुपारी चष्मेवाली धावत आली आणि धापा टाकत दारातच बसली.

"गाळ?" काकूंनी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली आणि दोन बोटांमध्ये लांबी दाखवली. सुईएवढी.

समिती

सरांनी म्हणजे चष्मेवालीच्या मार्गदर्शकांनी आराखडा टेबलावर पसरला होता. शेजारी तेरावं पात्र होतं. समितीचे तिघे आळीपाळीने स्फटिक भिंगातून बघत होते.

"हा झुकाव आराखड्यात नाही," त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले.

"आराखडा बरोबर होता," काकू वही उघडून ठिपक्यावर बोट ठेवत म्हणाल्या. "मी चुकले होते. चौथ्यात नळी झुकली आणि मी वहीत सरळ लिहिलं. हिला माहीत नव्हतं."

वयस्कर गृहस्थांनी भिंग खाली ठेवलं.

"तुम्हाला ही कल्पना सुचली कशी?"

"सुचली नाही हो. सिलेंडर संपत आला होता."

आधी सर हसले, मग बाकीचे. वयस्कर गृहस्थांनी कागदावर काहीतरी लिहिलं. लेख राहील, मात्र दुरुस्ती जोडायची : पात्राची खरी आकृती आणि ती कशी करायची ते. "ते तुम्ही सांगाल ना?"

"सांगेन. नऊपर्यंत मोजायचं असतं."

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "काकू, वहीतला तो ठिपका आता खोडून टाका. ती चूक कुठे राहिली?"

"राहू दे, सर. त्या दिवशी चूकच होती."

चौदावे

खोलीत परतल्यावर काकूंनी चौथ्याच्या ओळीत आराखड्याच्या कोनावर एक रेघ मारली आणि वर 'झुकाव सात' लिहिलं. ठिपका होता तिथेच राहिला. दुसऱ्या प्रयोगशाळेसाठी एक पात्र लगेच हवं होतं. त्यांनी गुलाबी चष्मा डोळ्यांवर ओढला, भरलेल्या सिलेंडरची चावी जवळजवळ बंद केली, आणि मोजायला सुरुवात केली.